पाडा कसा मोजावा: नवशिक्यांसाठी

मानववंशशास्त्र मेजर आणि डेटा अ‍ॅनालिटिक्स मायनर, अशी जोडी घेऊन तुम्ही विद्यापीठात दाखल झाला असाल, तर तुमचं अभिनंदन आणि तुमच्या आईवडिलांचं सांत्वन. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनरचं दार उघडलं नसतं, तर या दोन विषयांची सोयरीक कुणी जुळवली नसती. लग्नकार्यात एखादे काका विचारतील, "याचा पुढे उपयोग काय?" तेव्हा 'डेटा' मोठ्याने म्हणा आणि 'मानववंश' पुटपुटा. काका गप्प बसतील. कदाचित त्यांच्या पुतणीसाठी तुमचा विचारही सुरू होईल.

जोडीचा खरा फायदा तोंडी परीक्षेत कळतो. मानववंशवाले खोलात शिरले की पायथनबद्दल बोला. संख्यावाले खोलात शिरले की मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीचं नाव घ्या. दोन्हीकडचे परीक्षक एकाच दिवशी एकाच टेबलाशी बसणार नाहीत, एवढी काळजी तेवढी घ्या.

हे मी सगळं करून बसलो आहे. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत माझ्या एकूण अकरा रात्री झाल्या. चार पाड्यावर आणि सात जव्हारच्या लॉजवर, कारण पाड्यावर टॅबलेट चार्ज होत नव्हता. तेव्हा अधिकाराने सांगतो, ऐका.

पायरी 1. आधी खानदान सांगा

"हे काय नवीनच?" असं कुणी म्हटलं की हसायचं आणि 1920 साल काढायचं. त्या वर्षी नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे नेल्सन अ‍ॅनन्डेल या प्राणिशास्त्रज्ञाने प्रशांतचंद्र महालनोबिस यांना गाठलं. अ‍ॅनन्डेलकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं साठली होती. डोकी, नाकं, उंच्या, सगळं होतं. मोजून झालं होतं, पण पुढे त्याचं काय करायचं हे उमगत नव्हतं. या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, तुमच्यावरही ही वेळ येणार आहे. महालनोबिस तेव्हा भौतिकशास्त्र शिकवत होते. त्या नाकाडोक्यांच्या हिशेबातून पुढे 1936 साली 'महालनोबिस अंतर' आलं. गर्दीत वेगळा पडणारा आकडा हुडकायला ते आजही वापरतात. म्हणजे तुमच्या मायनरच्या पुस्तकातला एक अख्खा धडा मेजरच्या पोटी जन्मला आहे.

दुसरं नाव इरावती कर्वे यांचं घ्या. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी कवट्या मोजल्या. गुरुजींना कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचं नातं वंशाशी जोडून हवं होतं. बाईंनी मोजलं आणि असं काही दिसत नाही, म्हणून लिहून मोकळ्या झाल्या. ही चूक तुम्ही करू नका. काय सापडायला हवं आहे, हे मार्गदर्शकांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या. सापडल्यानंतर विचारलंत तर एक सत्र वाया जातं.

पायरी 2. जागा निवडा, म्हणजे जव्हार-मोखाडा निवडा

कारणं पुष्कळ आहेत. नाशिकहून जव्हार सुमारे 80 किलोमीटर. मुंबईहून आलात तर कसाऱ्याला उतरून खोडाळ्यामार्गे मोखाडा गाठता येतो. 2011 च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या 1,40,187 आणि मोखाड्याची 83,453 होती, दोन्हीकडे दहातले नऊ जण आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे सगळे एका बसच्या अंतरात भेटतात. मॅलिनोव्स्कीला न्यू गिनीपलीकडच्या बेटांवर जावं लागलं होतं. तुम्ही शुक्रवारी निघालात तर सोमवारच्या तासाला परत वर्गात.

प्रस्तावनेत 1992 साल घालायला विसरू नका. त्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि मंत्रालयाला या डोंगराचा रस्ता सापडला. त्या रस्त्याने आधी मंत्री आले, मग अधिकारी, मग संस्था, मग पत्रकार, आणि आता तुम्ही. 2014 साली ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा निघाला. 2016 साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंवरून पुन्हा गाड्यांची रांग लागली. प्रस्तावनेत हे सगळं एका परिच्छेदात मावतं. शेवटी 'तथापि या क्षेत्रात पुरेसं संशोधन झालेलं नाही' असं लिहा. तुमच्या आधीच्या प्रत्येकाने लिहिलं आहे, परंपरा मोडू नका.

पाण्याचा विषय घ्यायचा असेल तर एक गोष्ट मनात ठेवा, अहवालात नको. मोडकसागर 1957 पासून मुंबईला पाणी पाजतोय आणि मध्य वैतरणा 2014 पासून. मध्य वैतरणेचं धरण मोखाडा तालुक्यातच आहे, कोचाळ्याजवळ. पावसाळ्यात इथे असा पाऊस पडतो की छत्रीची लाज वाटते. एप्रिल-मे उजाडला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो आणि विहिरीभोवती हंडे गोळा होतात. मुंबईतल्या वसतिगृहात तुम्ही सकाळी तोंड धुता ते पाणी इथूनच निघालेलं असतं आणि ते पाड्यावर का पोहोचत नाही याचा अभ्यास करायला तुम्ही त्याच्या उलट दिशेने प्रवास करता. तुमची पाण्याची बाटली आत ठेवा. कुणी काही म्हणत नाही, पण बघतात.

पायरी 3. प्रश्नावली बनवा

पाड्यावर जाण्यापूर्वीच बनवा. गेल्यावर बनवायला बसलात तर प्रश्न बदलावेसे वाटतात आणि मग मार्गदर्शकांची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. माझ्या प्रश्नावलीत पावणेतीनशे प्रश्न होते. त्यातले चाळीसएक संडासाबद्दल होते, कारण आधीच्या कुठल्यातरी सर्वेक्षणातून ते आयते मिळाले होते.

समाधानाचा प्रश्न हवाच. 'आपण आपल्या आयुष्याबाबत किती समाधानी आहात, 1 ते 5 मध्ये सांगा.' रेन्सिस लिकर्टने ही पट्टी 1932 साली अमेरिकेत काढली. पाड्यावर हा प्रश्न विचारला की उत्तर एकच येतं: "बरं आहे." भात बुडालं तरी बरं आहे, पोरगी दहावी झाली तरी बरं आहे. 'बरं'ला 3 द्या. सगळे 3 आले की 'नमुन्यात भावनिक समतोल आढळला' असं लिहा.

संमतिपत्राला मात्र टाळाटाळ चालत नाही. नीतिसमिती ते इंग्रजीत लिहिते आणि मग कुणीतरी त्याचं अशा मराठीत रूपांतर करतं की ते वाचून दाखवताना तुम्हालाच घाम फुटतो. माझ्या यादीत सतरा नंबरला एक आजी होत्या. मी वाचून दाखवलं, "सदर संशोधनातून मला कोणताही प्रत्यक्ष लाभ होणार नाही, याची मला जाणीव आहे."

आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं लोक येतात, खरं लिहिलेलं पहिल्यांदा ऐकलं," आणि अंगठा पुढे केला.

पायरी 4. मुहूर्त

विद्यापीठाच्या सुट्टीप्रमाणे जा. तुमची सुट्टी डिसेंबरात असते. पाड्यावरची माणसं मात्र दिवाळी झाली की बाहेर पडतात. वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडीकडे, वसईकडे, जिथे मुकादमाने उचल दिली असेल तिथे. घरांना कुलपं, अंगणात कोंबड्या आणि ओट्यावर म्हातारी माणसं. अशा वेळी नमुना घेतलात तर सरासरी वय साठीच्या वर जातं. एका अभ्यासू मित्राने त्यावरून पाड्याची तुलना जपानशी केली होती. त्याला चांगले गुण मिळाले.

शिमग्याला बरीच माणसं परततात, मोखाड्याला बोहाडा होतो, देवादैत्यांचे मुखवटे घालून सोंगं नाचतात, रात्रभर सगळा तालुका जागा असतो. त्या आठवड्यात तुमची परीक्षा असते. वाईट वाटून घेऊ नका, मुखवट्यांचे फोटो नेटवर मिळतात.

पायरी 5. कुटुंब, लग्न, वय: तीन सोपे प्रश्न

फॉर्म इथूनच सुरू होतो, कारण ही माहिती 'मूलभूत' आहे. तुमचा पहिला दिवस इथेच मावळेल.

कुटुंब म्हणजे एक चूल, ही जनगणनेची व्याख्या. आजींच्या घरात तीन चुली होत्या. दोन मुलांच्या दोन आणि आजींची तिसरी. मग कुटुंबं तीन? तर पावसाळ्यात लाकडं ओली असतात, तेव्हा सगळे एकाच चुलीवर जेवतात. मग एक? रेशनकार्डं दोन होती. धाकटा मुलगा वाड्याला कामाला, त्याची चूल थंड, पण कार्डावर तो गरम. मी विचारलं, "आजी, नक्की कुटुंबं किती लिहू?"

आजींनी उलट विचारलं, "तू कशाचा? घरकुलाचा, बियाण्याचा, का अंगणवाडीचा?"

"मी नुसता शिकायला आलोय."

"म्हणजे मिळायचं काहीच नाही?"

"नाही."

"मग खरं सांगते. मला नाही माहीत."

हे उत्तर फॉर्ममध्ये बसत नाही. रकाना संख्येचा असतो. मी 2 टाकलं, एक आणि तीनच्या मधलं म्हणून.

लग्नाचा प्रश्न याहून सोपा. पर्याय चार: अविवाहित, विवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित. इकडे एखादं जोडपं पंधरा-वीस वर्षं सोबत नांदतं, पोरं शाळेत जातात, पण लग्नाचा खर्च झेपला नाही म्हणून लग्न लावणारी धवलेरी बोलावून विधी काही झालेला नसतो. पुढे पोराच्या लग्नात आईबापाचंही उरकून घेतात, नाहीतर एखाद्या सामुदायिक सोहळ्यात. तुम्ही 'अविवाहित' आणि 'अपत्ये 4' असं भरलंत की टॅबलेट लाल होतो आणि पुढचं पान उघडत नाही. त्याच्यावर कुठल्यातरी पेठेतले संस्कार झालेले असतात. 'विवाहित' करा आणि पुढे चला. पाड्यावर कुणालाच न पडलेली अडचण तुम्ही एका बोटाने सोडवली.

वय. "राजाच्या राज्यात जन्मले," आजी म्हणाल्या. मुकणे घराण्याचं जव्हार संस्थान स्वातंत्र्यानंतर विलीन झालं, त्याआधी कधीतरी. फॉर्मला तारीख हवी असते: दिवस, महिना, वर्ष. आधारकार्डावर तारीख होती. 1 जानेवारी. आजींच्या शेजारणीचीही 1 जानेवारी. नातवंडांची शाळेतली तारीख 1 जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना पाड्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं होतं आणि त्यात गुरुजींचा काही दोष नाही, त्यांनाही रकाना भरायचा होता. तुम्ही हे सगळं तसंच भरा. 1 जून लक्षात ठेवा, पायरी 8 मध्ये तो अंगावर येणार आहे.

पायरी 6. काय खाल्लं

'गेल्या 24 तासांत आपण काय खाल्लं?' हा पोषणाच्या सर्वेक्षणातला हुकमी प्रश्न. माझ्या फॉर्मवर धान्यांची यादी होती: गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, इतर. आजी म्हणाल्या, "नागलीची भाकर." 'इतर' दाबलं. भाज्यांची यादी: पालक, मेथी, कोबी, इतर. त्या म्हणाल्या, काल कुरडू होता. त्याआधी कोळीची भाजी. जूनच्या तोंडावर शेवळं, मग करटोली, टाकळा, बांबूचे कोंब. कोळीची भाजी पहिल्या पावसानंतर आधी देवाला दाखवायची, मगच खायची, हेही सांगितलं. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा कसा खवखवतो, त्यावर काय घालायचं, खेकडे कुठल्या ओहोळात मिळतात, वलगणीचे मासे कुठल्या रात्री चढतात. मी तोवर सतरा वेळा 'इतर' दाबलं. शेवटी आलेखात 'इतर' नावाचा एक स्तंभ ताडासारखा उभा राहिला आणि बाकीचे त्याच्या पायाशी गवतासारखे. मार्गदर्शक म्हणाले, "यातून आहारातली विविधता दिसत नाही."

मग त्या म्हणाल्या, "हे सगळं पावसाळ्यातलं. चैतात विचारशील तर भाकर आणि मिरची."

हे नोंदवायला जागा नव्हती. प्रश्न 24 तासांचाच होता.

घरात लहान मूल असेल तर दंडाला रंगीत पट्टी लावायची असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या आत आला की पट्टीवर लाल रंग दिसतो, मूल 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित ठरतं. त्याच्या वर साडेबारापर्यंत पिवळं, 'मॅम', म्हणजे मध्यम कुपोषित. या पायरीला विनोद करू नका, मीही करत नाही. अंगणवाडीताईकडे ही पट्टी आहे, वजनकाटा आहे, पाचसात रजिस्टरं आहेत आणि फोनमध्ये पोषण ट्रॅकर आहे. आकडा पाठवायला नेटवर्क लागतं म्हणून ताई टेकाडावर चढतात. तुम्ही मोजलेला दंड त्यांनी गेल्या महिन्यात मोजलेला असतो, त्याआधीच्या महिन्यातही. त्यांना विचारलंत तर मूल कुणाचं, आई भट्टीवरून कधी परत आली, तिथे मुलाला काय मिळत होतं, हे सगळं ताई एका श्वासात सांगतात. म्हणून विचारू नका. त्या 'प्रतिसादक' नाहीत, त्या 'दुय्यम स्रोत' आहेत.

भूक मोजणं हा आपल्याकडे जुना उद्योग आहे. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 साली दारिद्र्याची रेषा आखताना माणशी दिवसाला 2,250 कॅलरी धरल्या. पां. वा. सुखात्मे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांचं म्हणणं होतं की एकाच माणसाची गरजसुद्धा रोज बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, त्यामुळे सरासरीची रेघ मारून तिच्याखालचे सगळे उपाशी धरता येत नाहीत. दांडेकरांना हे अजिबात मान्य नव्हतं. दोघेही मोठे, दोघेही आकड्यांत पक्के. हा वाद वाचा, मनापासून सांगतो. मग लक्षात येईल की तुमच्या 24 तासांच्या प्रश्नात नेमका कुठला दिवस पकडला गेला, यावर आजी उपाशी की तृप्त हे ठरतं. लक्षात आलं की विसरून जा, सादरीकरण जवळ आलेलं असतं.

(पायरी 7 नेटवर्क नसल्यामुळे अपलोड झाली नाही.)

पायरी 8. सहभागी निरीक्षण, चार दिवसांत

मॅलिनोव्स्की 1915 ते 1918 या काळात दोन फेऱ्यांत मिळून दोनएक वर्षं ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, बेटावरची भाषा शिकला. तुमच्याकडे चार दिवस आणि दोन क्रेडिट आहेत. घाई करा.

आवणी चालू असेल तर चिखलात उतरा, हातात भाताची रोपं धरा आणि मित्राला फोटो काढायला सांगा. पँट गुडघ्यापर्यंत दुमडा, पण दोन्ही बाजूंना सारखी नको, कृत्रिम वाटतं. मी एक ओळ लावली. आजींची सून माझ्या मागून येत होती. ती काही बोलली नाही. मी लावलेलं एकेक रोप उपटून पुन्हा लावत आली. फोटोत ती दिसत नाही, चौकटीबाहेर आहे.

आता डेटा साफ करणं. परत आल्यावर फाईल उघडा आणि संगणकाला सांगा, दुहेरी नोंदी काढून टाक. नाव, गाव, जन्मतारीख तिन्ही सारखं असेल ती नोंद एकच माणूस. इथे वारावरून नाव ठेवायची रीत जुनी, तेव्हा सोमवारी जन्मलेला सोम्या, मंगळवारचा मंगळ्या. एका पाड्यावर तीन सोम्या, आडनाव एकच, जन्मतारीख गुरुजींच्या कृपेने 1 जून. संगणकाने त्यातले दोन सोम्या पुसले. एका कळीसरशी अर्धा पाडा गेला.

घाबरू नका, भर पडते. एकाच माणसाचं नाव आधारला एक, रेशनकार्डाला दुसरं, जॉबकार्डाला तिसरं आणि वनहक्काच्या दाव्यात चौथं. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर दावे भरताना ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं. संगणकाच्या लेखी हे चार इसम. गेलेले आणि वाढलेले मिळून माझी लोकसंख्या जनगणनेच्या बरीच जवळ आली होती. मार्गदर्शक खूश झाले. म्हणाले, "डेटा क्वालिटी चांगली आहे."

पायरी 9. विश्लेषण: जयबा पद्धत

जव्हारच्या पहिल्या राजाची दंतकथा ऐकलीच असेल. जयबा मुकणे यांनी जव्हारच्या वारली सरदाराकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. सरदार हसून हो म्हणाला. जयबांनी कातड्याच्या बारीक बारीक पट्ट्या कापल्या, एकीला एक जोडली आणि त्या वादीने मुलूखच्या मुलूख वेढून घेतला.

डेटाचं असंच करा. तुमच्याकडे एकच कातडं आहे. आधी अख्खं वापरून पाहा. काही सापडणार नाही. मग बायका वेगळ्या कापा. मग चाळिशीच्या आतल्या बायका. मग चाळिशीच्या आतल्या, कौलाच्या घरातल्या, विहिरीच्या पूर्वेला राहणाऱ्या. कापत राहा, कुठेतरी पी व्हॅल्यू 0.05 च्या खाली येतेच. तिथे थांबा आणि आपला हेतू पहिल्यापासून हाच होता असं लिहा. एका कातड्यात मला एक प्रबंध, दोन परिषदा आणि एक भित्तिपत्रक मिळालं. जयबांना संस्थान मिळालं होतं, पण त्यांना मायनर नव्हतं.

पायरी 10. अहवाल

मुखपृष्ठावर तारपा नाच हवा. पांढरी माणसं, गेरूची भिंत, मध्ये तारपा वाजवणारा. अभ्यास कातकऱ्यांचा असो, कोकणांचा असो की महादेव कोळ्यांचा, मुखपृष्ठावर वारलीच. चित्र कुणी काढलं हे लिहायची पद्धत नाही.

वाङ्मयाच्या आढाव्यात के. जे. सावे यांचं 'द वारलीज' घ्या, 1945 सालचं. चालीरीती, देव, लग्नं, सगळं नोंदलेलं आहे. त्याच साली मे महिन्यात तलासरीकडे झरीला हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं ठरवून उठले. गोदावरी परुळेकर त्यात होत्या, पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' त्यांनी लिहिलं. एकाच वर्षी ग्रंथात त्यांच्या चालीरीती बसवल्या गेल्या आणि त्यांनी स्वतः एक जुनी चाल मोडली. हे आढाव्यात घालू नका, आढावा लांबतो आणि परीक्षक विचारतात की मग तुमचा व्हेरिएबल कुठला.

शिफारशी पाच असाव्यात. पहिली 'जनजागृती करावी.' उरलेल्या चार पहिल्यासारख्याच.

पायरी 11. परत जाऊ नका

निष्कर्ष पाड्यावर जाऊन सांगावेत असं नीतिसमितीच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं. सही करा आणि नोकरीला लागा. मी ही पायरी चुकलो. दुसऱ्या वर्षी एका दुसऱ्याच सर्वेक्षणावर त्याच पाड्यावर गेलो, आजी ओट्यावर कुळीथ निवडत बसल्या होत्या.

"आलास? बस. आईचा गुडघा कसा आहे?"

मी गेल्या वर्षी कोरा चहा पिताना बोलता बोलता सांगितलं असावं. माझ्या पावणेतीनशे प्रश्नांच्या मधून त्यांनी मला सातआठ प्रश्न विचारले होते, ते मी गप्पा समजलो होतो. घरात माणसं किती. शेत आहे का. मग खाता कुठलं. बाप काय करतो. इथवर यायला भाडं किती पडलं, ते कोण देतं. लग्न झालं का. आजींना सगळं पाठ होतं, एकही रकाना रिकामा नव्हता.

"आणि ती चष्म्यावाली तुझ्यासोबत होती, तिला नोकरी लागली?"

"लागली आजी. बंगळुरूला."

"तिच्या आधीच्या पोराला पण लागली. त्याच्या आधीचे दोघं परदेशी गेले. तो पहिला होता बघ, पायाला जळवा लागल्या म्हणून रडलेला, तो आता साहेब आहे म्हणतात." आजी बोटं दुमडत मोजत होत्या. "किती वर्षं झाली बघते मी. तुमच्यातलं जे पोर एकदा येतं त्याला नोकरी लागते. आणि लग्न तुमच्यात कुणाचंच झालेलं नसतं."

मी टॅबलेट चालू केला. आजींनी कुळथाचं सूप बाजूला सारलं, अंगठा पुसला आणि पुढे केला.

"संडासाचं आधी विचारून टाक," त्या म्हणाल्या, "मग मी चहा ठेवते."